बिनसाखरेचे बेचाळीस दिवस

मी आयुष्यात कुणाशी आवाज चढवून बोललेले नाही. आमच्या दाराची घंटासुद्धा माझ्यापेक्षा ठामपणे बोलते, असं हे म्हणतात. अशा बाईमुळे एका कार्यालयाचा अख्खा दुसरा मजला अडीच दिवस बंद ठेवावा लागेल, असं भविष्य कुणी वर्तवलं असतं, तर मी त्या माणसाला चांगली बुद्धी मिळो म्हणून देवापुढे हात जोडले असते. पण तसं झालं खरं. आणि झालं ते सगळं प्यायच्या वस्तूंवरून.

सुरुवात डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी झाली. त्यांनी माझ्या रक्ताचा कागद माझ्याकडे वळवला आणि पेन्सिलीने एका आकड्याभोवती गोल काढला. शाळेत चुकलेल्या गणिताभोवती बाई काढत तसा.

"साखर रेषेच्या वर गेली आहे. गोळी सुरू करू. सकाळी उठल्या उठल्या, काहीतरी खाऊन."

"उठल्या उठल्या नाही जमणार," मी म्हणाले.

"का?"

मी खाली बघितलं. स्वतःच्या नेमाबद्दल बोलायचं म्हणजे मला संकोच होतो. शेवटी ह्यांनीच सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात. "ती पहाटे पाचला पाठाला बसते. सातपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. एकोणीस वर्षं झाली."

एकोणीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. अक्कलदाढ काढली त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी पाठाला बसले होते. ऐकायला तो कसा वाटला असेल ते देव जाणे, पण त्याने ऐकून घेतला.

"ही गोळी घेऊन दोन तास उपाशी बसलात तर पाठ अर्धवट राहील आणि तुम्ही आडव्या व्हाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला. "बरं, सहा आठवडे देते. कर्बोदकं कमी करा. भात, पाव, बटाटा, साखर बंद. आकडा रेषेखाली आला तर नेम तुमचा. नाही आला तर गोळी माझी."

बेचाळीस दिवसांवर एकोणीस वर्षं टांगली गेली. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. ह्यांनी घरी येताना दोनदा विचारलं, "म्हणजे भात फक्त तुझा बंद ना?"

खाण्याचं मला काही वाटलं नाही. अर्धं आयुष्य मी पानातून काही ना काही वगळतच जगले आहे. घोडं अडलं ते पेल्यापाशी. डॉक्टरीणबाईंच्या छापील कागदावर पेयांचे दोन रकाने होते. डावीकडचं चालेल, उजवीकडचं चालणार नाही. डावीकडे पाणी, साधा सोडा, कोरा चहा, कोरी कॉफी, लिंबू पिळलेलं पाणी. उजवीकडे माणसं एकमेकांना प्रेमाने जे जे देतात ते सगळं. सरबतं, फळांचे रस, साखरेचा चहा, थंड बाटल्या, मध घातलेलं काहीही.

दुसऱ्या दिवशी पाठ झाल्यावर मी देवाच्या फळीपुढे उभी राहिले आणि संकल्प सोडला, बेचाळीस दिवस गोड पेय घशाखाली उतरणार नाही. देवापुढे बोलून टाकलं की मनाची ये-जा थांबते असा माझा अनुभव. पण या घाईत माझा एक जुना नेम माझ्या लक्षातच राहिला नाही.

तो असा. अकरा वर्षांपूर्वी जाऊबाईंनी नव्या घरी माझ्या हातात सरबताचा पेला दिला. माझा उपास होता. मी "नको" म्हटलं आणि पेला टेबलावर ठेवला. जाऊबाई माझ्याशी चौदा महिने बोलल्या नाहीत. दोष माझाच होता. नाही म्हणण्याची माझी पद्धत इतकी हळू आहे की ऐकणाऱ्याला शब्द ऐकूच येत नाही, नुसता खाली ठेवलेला पेला दिसतो. प्रायश्चित्त म्हणून मी तेव्हापासून नेम धरला, की कुणी हातात दिलेला भरला पेला खाली ठेवायचा नाही.

आता प्यायचा नाही आणि ठेवायचाही नाही. मी हे ह्यांच्यापुढे मांडलं. हे नियमावल्या तयार करणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले आहेत. माझ्या नेमांना त्यांनी कधी फारसं मानलेलं नाही, पण कुठलाही नियम दिसला की त्यांच्या डोळ्यांत चमक येते. त्यांनी चष्मा लावला.

"नेमात 'प्यायचा' असा शब्द आहे?"

"नाही. 'खाली ठेवायचा नाही' एवढंच."

"मग धरून ठेव."

"किती वेळ?"

"मुदत नमूद नाही," हे म्हणाले आणि चष्मा काढून पुन्हा वर्तमानपत्राकडे वळले.

बातमी जिन्यात पोचायला एक दिवस लागला. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग मिळालेला नाही, त्यामुळे कुणी आजारी पडलं की त्यांना तास भरल्यासारखं वाटतं. ते बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र आणि शंभर पानी वही घेऊन खाली आले. वहीवर माझं नाव लिहून त्याखाली त्यांनी 'प्रयोग पहिला' असं लिहिलं होतं. दुसरा प्रयोग कुणावर होणार होता हे मी विचारलं नाही.

त्यांच्या पाठोपाठ समोरच्या वहिनी आल्या. वहिनींचं मन फार मोठं आहे आणि त्यांचं मिक्सरचं भांडंही. "तुम्ही कोरा चहा प्याल आणि वाळून जाल," त्या म्हणाल्या. "मी रोज हिरवा रस आणते. पालक, काकडी, आलं."

"आणि?" मास्तरांनी पेन उघडून विचारलं.

"आणि गाजर, बीट, थोडं सफरचंद. चव यायला हवी ना."

"सफरचंदात साखर असते, वहिनी."

"ती देवाने घातलेली असते, मास्तर. कारखान्यातली नव्हे."

या मुद्द्यावर दोघांचा आमच्या बैठकीत पाऊण तास वाद झाला. दोघांनाही मी लिंबूपाणी दिलं. त्यांनी त्यात साखर मागितली.

कोरी कॉफी प्यायले, ती औषध म्हणून प्यायला ठीक आहे. रात्री साधा सोडा प्यायले, तर पहाटे पाठाच्या वेळी ढेकर आला आणि मला देवाची माफी मागावी लागली. मास्तरांच्या सांगण्यावरून व्हिनेगर घातलेलं पाणी प्यायले. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, कारण कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही असा माझा शुक्रवारचा नेम आहे आणि हे मी शुक्रवारी लिहिते आहे. मग एके दिवशी मास्तर मला दुकानात घेऊन गेले. तिथे रसाच्या डब्यांवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'वेगळी साखर घातलेली नाही'. मी आनंदाने दोन डबे उचलले. मास्तरांनी भिंगाने मागचा बारीक मजकूर वाचला आणि डबे परत जागेवर ठेवले. "वेगळी घालायला जागाच उरलेली नाही," ते म्हणाले. "आत सगळी द्राक्षांचीच आहे." बदामाच्या दुधाचेही पाच प्रकार होते, त्यांतल्या एकातच साखर नव्हती आणि तो प्रकार संपला होता. आम्ही पाण्याची बाटली घेऊन परत आलो. पाणी घरी होतं.

अकराव्या दिवशी मास्तरांनी माझं बोट टोचलं आणि यंत्राकडे बघतच राहिले. आकडा पहिल्या दिवसापेक्षा वर होता.

मी खुर्चीत बसले. मला डोळ्यांसमोर गोळी दिसली, आणि पहाटे पाच वाजता पोळीचा तुकडा चावत बसलेली मी. मास्तरांचा चेहरा माझ्यापेक्षा पडला होता. त्यांचा पहिलाच प्रयोग फसत होता.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "दिवसभरात काय काय पिता? एकही घोट सुटता कामा नये."

मी सांगितलं. कोरा चहा दोनदा, लिंबूपाणी, साधं पाणी. वहिनींचा रस मी हातात धरून ठेवते आणि मग ह्यांना देते.

"सकाळी सात वाजता, पाठ संपल्यावर?"

"काही नाही. देवाचा पेला घेते, मग चहा."

"देवाचा पेला म्हणजे?"

"पाठाच्या वेळी देवापुढे ठेवलेला असतो तो."

"त्यात काय असतं?"

"दूध," मी म्हणाले. "चार चमचे मध. थोडे खजूर वाटून."

मास्तरांनी पेनचं टोपण लावलं. शिक्षक अशा वेळी ओरडत नाहीत, खिडकीबाहेर बघतात. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि तो पितं कोण?"

"मीच. देवाचं टाकून देत नाहीत."

"मग पहिल्या दिवशी पेयांची यादी केली तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

खरं सांगते, मला ते पेय वाटलंच नव्हतं. तो पेला देवाचा. मी फक्त तो रिकामा करून विसळून ठेवत होते. एकोणीस वर्षं मी रोज सकाळी चार चमचे मध प्यायले आणि माझ्या मनाने त्याची नोंद देवाच्या नावावर केली. त्याहून वाईट म्हणजे, गोड पेय घशाखाली उतरणार नाही हा संकल्प मी रिकाम्या पोटी सोडला होता आणि तिथून दोन पावलं मागे सरून तो पेला घटाघटा प्यायला होता. संकल्पाचं आयुष्य अर्धं मिनिट.

मी लगेच मोठ्या ताईंना फोन लावला. मोठ्या ताई आमच्या पाठाच्या मंडळाच्या प्रमुख. नेमाधर्मातला कुठलाही पेच त्यांच्याकडे जातो आणि त्यांनी दिलेला निर्णय फिरत नाही. त्या फोनवर "हॅलो" म्हणत नाहीत, "बोल" म्हणतात. मी बोलले.

"अजाणता झालं ते झालं," ताई म्हणाल्या. "यापुढे अजाणता म्हणू नकोस."

"ताई, देवाच्या पेल्यात साधं पाणी ठेवलं तर?"

मग ताई म्हणाल्या, "पथ्य कुणाला सांगितलंय? तुला की देवाला?"

"मला."

"मग देवाचं का कमी करतेस? पेला आहे तसा राहू दे. पिणारा बदल. घरातलाच माणूस हवा. पाठ कानावर पडलेला हवा, आणि पेला घेईपर्यंत तोंडात काही गेलेलं नको. पाणीसुद्धा नाही."

घरात मी सोडून एकच माणूस आहे. हे आतून सगळं ऐकत होते. दूध, मध, खजूर इथपर्यंत त्यांचा चेहरा खुलत गेला आणि "पाणीसुद्धा नाही" यावर मिटला. ह्यांना साडेपाचचा चहा लागतो. तो मिळाला नाही तर ते घरातल्या वस्तू हलवून आवाज करतात.

"माझा यात काय संबंध?" हे म्हणाले. "मी नेमबिम पाळत नाही. मला कुणी विचारलं होतं का संकल्प सोडताना?"

बोलायचं नाही आणि जागचं हलायचंही नाही, असं मला जमतं. थोड्या वेळाने हे म्हणाले, "बरं, बरं. पण मला हात जोडायला सांगायचं नाही. मी पेपर वाचत बसेन."

बाराव्या दिवसापासून हे रोज पहाटे पाचला खुर्ची घेऊन माझ्या मागे बसू लागले. मी पाठ म्हणायची, मागे पेपरची पानं उलटायची. सात वाजता मी पेला त्यांच्या हातात द्यायची. ते तो एका दमात प्यायचे आणि ओठ पुसत म्हणायचे, "देवाची निवड वाईट नाही."

घरचं असं मार्गी लागलं आणि माझा आकडा हळूहळू उतरू लागला. पण दिवसाचे आठ तास मी कार्यालयात असते आणि तिथे हे नसतात.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर कर्मचारी कल्याण समितीने एक यंत्र बसवलं आहे. त्याला चार बटणं. चहा, कॉफी, दूध, गरम पाणी. पहिल्या तिन्हींची भुकटी साखर मिसळूनच येते. चौथ्या बटणावर चिकटपट्टी होती, कारण हिशेब विभागातल्या कुणीतरी मागच्या वर्षी त्या पाण्यात अंडी उकडली होती. गरम पाणी मिळालं असतं तर मी माझ्या पुडीचा कोरा चहा केला असता. मी कल्याण अधिकाऱ्यांकडे गेले. ते गोल चेहऱ्याचे, अत्यंत प्रेमळ गृहस्थ. त्यांना प्रत्येकाचं भलं करायचं असतं, फक्त ते रीतसर व्हायला हवं.

"पट्टी काढायला हरकत काही नाही, ताई," ते म्हणाले. "पेय बदलाचा अर्ज करा. तीन प्रती, डॉक्टरांचा दाखला, आणि तुमच्या विभागप्रमुखांची शिफारस."

आमचे विभागप्रमुख दोन महिन्यांच्या रजेवर होते. त्यांच्या जागी तात्पुरता कार्यभार माझ्याकडे होता. म्हणजे माझा अर्ज शिफारशीसाठी माझ्याच टेबलावर आला. दुसऱ्या कुणीही हसत हसत सही केली असती. मला स्वतःची शिफारस करणं बरं दिसेना. नामंजूर करावा तर अर्जदारावर अन्याय, आणि अर्जदार ओळखीची. शेवटी मी त्यावर 'विचाराधीन' असा शेरा मारला आणि विचार करू लागले. आठवड्याने कल्याण अधिकाऱ्यांकडून मला स्मरणपत्र आलं, की अर्ज का अडवून ठेवला आहे याचा खुलासा करावा. अर्जदार म्हणून माझ्या मनात विभागप्रमुखांविषयी थोडी अढी बसली होती, ती या पत्राने वाढली.

अर्ज असा अडकलेला असताना कल्याण अधिकाऱ्यांना माझी दया आली. रोज अकरा वाजता आणि चार वाजता ते स्वतः यंत्रातून चहा काढून आणत आणि माझ्या हातात देत. "अर्ज मंजूर होईपर्यंत काहीतरी घ्या, ताई. असं कोरडं राहू नका." तो चहा म्हणजे पातळ पाक होता. मी त्यांना दोनदा "नको" म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

भरला पेला खाली ठेवता येत नाही. मी तो डाव्या हातात धरून उजव्या हाताने काम करू लागले. जन्म-लग्नांच्या नोंदणीच्या वह्या मोठ्या असतात, एका हाताने पान उलटलं की दुसरी दोन येतात. लोक रांगेत उभे असत आणि मी हातात चहा घेऊन पान शोधत असे. एका आजोबांनी मला सुनावलं, "बाई, आधी चहा संपवा, मग आमचं बघा." एकवीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविषयी कुणी असं बोललं नव्हतं. मी बिनचहाची बाई म्हणून प्रसिद्ध होते.

मी घरी ह्यांना विचारलं. ह्यांनी चष्मा लावला. "भरला पेला खाली ठेवायचा नाही. रिकामा ठेवायला बंदी आहे?"

"नाही."

"मग रिकामा कर."

"कुठे?"

"तेही नमूद नाही."

माझ्या टेबलामागे खिडकीशी रबराचं एक उंच झाड होतं. कुंडी मोठी, माती कोरडी. त्याला कुणी पाणी घालताना मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, त्यालाही काही मिळेल आणि माझाही नेम राहील. अकराचा चहा झाडाला, चारचा चहा झाडाला. पंधरा दिवस असे गेले. झाडाने एक नवं पान काढलं तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

मग मुंग्या आल्या. आधी कुंडीभोवती एक बारीक रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी ती रेघ माझ्या टेबलाच्या पायापर्यंत आली, तिसऱ्या दिवशी वह्यांच्या कपाटात गेली. कपाटाच्या पलीकडे चहाच्या यंत्राची भुकटी होती. मुंग्यांना हे कुणी सांगितलं माहीत नाही, पण आमच्या टपालापेक्षा त्यांचा निरोप लवकर पोचला. एका सकाळी कल्याण अधिकाऱ्यांनी चहाचं बटण दाबलं आणि पेल्यात जे आलं ते बघून ते भिंतीला टेकले. त्याच दिवशी कुणाच्या तरी लग्नाच्या नोंदीचं पान उघडलं तर वराचं नाव हलत होतं.

औषध फवारायला माणसं आली. दुसरा मजला अडीच दिवस बंद. तिसऱ्या दिवशी पाटी लागली, की झाडाला गोड पदार्थ घातल्याचे आढळले असून चौकशी समिती सोमवारी सकाळी दहा वाजता बसेल.

सोमवारी मी दुपारी बारापर्यंत मौन पाळते.

मी कागदावर लिहून विनंती केली, की बारानंतर बोलवावं. कल्याण अधिकाऱ्यांनी उत्तर लिहिलं, की चौकशीची वेळ बदलण्याचा अर्ज तीन दिवस आधी करावा लागतो. मी दहा वाजता जाऊन उभी राहिले. समोर तिघे. मधोमध कल्याण अधिकारी, आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त घाम.

"ताई, झाडाला चहा तुम्ही घातला?"

मी मान हलवली. हो.

"किती वेळा?"

मी एक बोट वर केलं, मग दुसरं, मग खिडकीबाहेरच्या सूर्याकडे हात करून पंधरा वेळा बोटं उघडली. डाव्या बाजूचे सदस्य आकडे मांडू लागले.

"पण चहा तुम्हाला देत कोण होतं?" उजव्या बाजूच्या बाईंनी विचारलं.

मी कल्याण अधिकाऱ्यांकडे बघितलं. बोट दाखवणं मला शिष्टाचाराला धरून वाटेना. नुसतं बघितलं. उरलेल्या दोघांनीही तिकडे बघितलं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि त्या वेळेपुरता सगळ्यांनीच माझा सोमवार पाळला.

निष्कर्ष आला तो असा, की झाडाला गोड चहा मिळण्याचे मूळ कारण गरम पाण्याचे बटण बंद असणे हे होय. चिकटपट्टी काढण्यात यावी. झाडाची बदली तळमजल्यावर करण्यात यावी. आणि संबंधित कर्मचाऱ्याने चौकशीत शांतपणे सहकार्य केल्याची नोंद घ्यावी. माझा अर्ज अजून माझ्याकडे विचाराधीनच आहे.

त्रेचाळिसाव्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. मी आत जाईपर्यंत मनात पाठातल्या ओळी म्हणत होते. डॉक्टरीणबाईंनी कागद उघडला, पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली.

"रेषेखाली. चांगलं खाली. काय केलंत?"

माझे डोळे भरून आले. "फार काही नाही," मी म्हणाले. "पिणारा बदलला."

त्यांना ते कळलं नाही, कारण त्या ह्यांच्याकडे बघत होत्या. हे कोपऱ्यातल्या थंड पाण्याच्या टाकीपाशी उभे राहून पेला भरत होते. चौथा.

"तुम्हाला इतकी तहान कधीपासून लागते?"

"झाला महिना," हे म्हणाले. "उकडतंय ना."

बाहेर स्वेटरचे दिवस होते. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बसवलं, बोटाला टोचलं आणि यंत्राकडे बघून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा यंत्राकडे. माझ्या डोळ्यांसमोरून एकेक पेला जाऊ लागला. रोज सकाळी चार चमचे मध. रोज संध्याकाळी वहिनींचा हिरवा रस, त्यातलं गाजर, बीट, सफरचंद. जाऊबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी करून आणलेलं सरबत. माझ्या हातात आलेलं घरातलं सगळं ह्यांनी रिकामं केलं होतं, कुरकुर करत, पण एकही न सोडता.

"रेषेच्या बरंच वर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला गोळी. सकाळी उठल्या उठल्या, काहीतरी खाऊन."

ह्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. नियमावल्यांत आयुष्य घालवलेला माणूस, पण गोळ्यांची ह्यांना लहान मुलासारखी भीती. घशात अडकते म्हणतात. त्यांनी चष्मा चाचपला, तो खिशात नव्हता.

"उठल्या उठल्या नाही जमणार," हे म्हणाले.

"का?"

"माझा नेम आहे," हे अगदी हळू म्हणाले. माझ्याइतक्या हळू. "पाच ते सात. पाण्याचा थेंब घेत नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. मला खोटं बोलता येत नाही हे त्या दवाखान्यात औषधं देणाऱ्यालाही माहीत आहे.

"खरं आहे हे?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. तीस वर्षं ज्यांनी माझ्या नेमांना खुळ म्हटलं, ते माझ्याकडे असं बघत होते, जणू मी त्यांची एकुलती एक साक्षीदार आहे. त्यांना वाटत होतं आपण थाप मारतो आहोत. मी मनातल्या मनात दिवस मोजले. बारावा ते बेचाळिसावा. साडेपाचचा चहा नाही. खुर्ची रोज माझ्या मागे. दोनदा सर्दी होती, तरी आले. शेवटचा आठवडाभर मागून पेपरचा आवाजही आला नव्हता. मी वळून बघितलं नव्हतं, पण शेवटच्या ओळी कुणीतरी पुटपुटत होतं.

"खरं आहे," मी म्हणाले. "एकतीस दिवस. एकही खाडा नाही."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं. हे आपल्या हातून झालं आहे याची त्यांना तेव्हाच खबर लागली असावी.

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला, दोन रकान्यांचा तो छापील कागद आणखी एक काढला आणि ह्यांच्यापुढे सरकवला. "सहा आठवडे," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी मोठ्या ताईंना फोन लावला. आता घरात पिणारा उरला नव्हता. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, मधाचे चमचे पुन्हा विचारले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा अडखळला. निर्णय फिरवते म्हणाल्या. मग डॉक्टरीणबाईंचा पत्ता उतरवून घेतला.

देवापुढे आता साधं पाणी असतं. त्यावर देवाची अजून काही तक्रार आलेली नाही. ह्यांची रोज असते, पण सात वाजल्यानंतर.